चौथ्या टप्प्याचे दोन आणे

माझी यात काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्हाला वेगळं वाटायला लागेल, म्हणून सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. नफा-तोटा, शेकडेवारी, काळ-काम-वेग. ज्यानं एकवीस वर्षं लोकांच्या पोरांना नफा कसा काढायचा ते शिकवलं, त्याच्यासमोर कोणी शेकडा पंचवीस सूट आणून ठेवली तर त्यानं काय तोंड फिरवून घरी जायचं? मग शिकवलं कशाला?

सन एकेचाळीसच्या दसऱ्याला गावातल्या शनवारा भागातल्या मोटार-अड्ड्यावर एक पाटी लागली. तिथून एका शेठजींची मोटार असीरगडापर्यंत जायची, एक फेरी सकाळी आठला, एक दुपारी चारला. भाडं सहा आणे. मधे कुठंही चढा, कुठंही उतरा, सहा आणे. पाटीवर लिहिलं होतं, चोवीस कुपनांचं पुस्तक, नऊ रुपयांऐवजी पावणेसात रुपये, पैसे आगाऊ. मी उभ्या उभ्या हिशेब केला. सव्वादोन रुपये निव्वळ नफा, तोही मोटारीत पाय न ठेवता. लोक दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन घरी जातात, मी कुपनं घेऊन गेलो.

निर्मलेनं, म्हणजे आमच्या घरातल्यांनी, पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"अठ्ठावीस रुपये पगार, त्यातले पावणेसात मोटारवाल्याला आधीच देऊन आलात?"

"देऊन नाही, वाचवून आलो. सव्वादोन रुपये."

"मग ते सव्वादोन रुपये दाखवा बघू."

नफा असा दाखवता येत नसतो, समजून घ्यावा लागतो, असं मी तिला सांगितलं. तिनं पुस्तक देवाच्या फळीवर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. त्यात भक्ती किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

बरं, पुस्तक काही हौसेनं घेतलं नव्हतं. असीरगडाच्या पायथ्याच्या गावात माझी बहीण राहायची, मालूबाई. मी तिला अक्का म्हणायचो. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्का सासरी जायला निघाली तर मलाही काखेला मारून घेऊन गेली. तिची सासू म्हणाली होती म्हणे, की आंदणात भांडी येतात, हे काय आलं? त्या घरात भाकरीचा पापुद्रा आधी मला आणि मग तिला, असं करून तिनं मला मोठं केलं, शाळेत बसवलं, मास्तर केलं. मेहुणे गेल्यावर ती एकटीच होती. थोडी कपाशी होती ती बटाईनं दिलेली. आणि आता तिचे डोळे चालले होते.

डावा गेलाच होता. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी उजवा पाहून सांगितलं, "काचबिंदू आहे. गेला तो गेला. हा वाचवायचा तर याच हिवाळ्यात चिरा द्यायला हवा. पौषात नागपूरचे डोळ्यांचे मोठे डॉक्टर धर्मशाळेत बसणार आहेत. शुक्रवार, शनिवार, आणि रविवारी दुपारी बारापर्यंत. तेव्हा आणा. पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा डोळा थांबणार नाही."

अक्का एकटी कधी मोटारीत बसली नव्हती. डॉक्टरांना दाखवून मी तिला घरी पोचवली तेव्हा ती म्हणाली, "तूच ये रे न्यायले. तुह्या हाताले धरून मी कुठंबी येईन. दुसऱ्या कोणासंगं मले भेव वाटते."

"शुक्रवारी सकाळच्या मोटारीनं येतो," मी म्हटलं, "तू सडकेवर येऊन बस. मोटार तासभर थांबते, त्याच मोटारीनं परत फिरू. कुपनं आहेत आपल्याजवळ, काळजीच नाही."

कुपनांचा मला खरंच फार धीर वाटत होता.

दिवाळीनंतर लढाईपायी पेट्रोल आवळलं. शेठजींनी मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवली, पेट्रोलऐवजी कोळशाच्या वायूवर चालवायला. ती पेटायला पाऊण तास लागायचा. चढ आला की सवाऱ्यांनी खाली उतरून ढकलायचं, आणि एवढं ढकलून भाडं मात्र वाढलं. अड्ड्यावर दुसरी पाटी लागली. दुपारची फेरी बंद. यापुढं भाडं टप्प्यानं, शनवारा ते असीरगड चार टप्पे, टप्प्याला दोन आणे. मग तिसरी पाटी लागली, की जुनी कुपनं दफ्तरातून शिक्का मारून आणल्याशिवाय चालणार नाहीत. चौथीही एक होती, पण ती तिसरीच्या मागं टांगली होती, तेव्हा ती वाचली नाही हा माझा दोष धरता येत नाही.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. सहा आण्यांचं भाडं आठ आणे झालं, म्हणजे साडेचार आण्यांत घेतलेलं माझं कुपन आता आठ आण्यांचं झालं. नफा शेकडा पावणेअठ्ठ्याहत्तर! चार कुपनं जाण्यायेण्यात वापरली होती, वीस शिल्लक होती. त्या दिवशी मी वर्गात पोरांना हेच उदाहरण घातलं. एकालाही सुटलं नाही.

आता शिक्का. मोटारीचं दफ्तर अकरा ते चार उघडं, आणि मी अकरा ते पाच शाळेत. दोनदा मधल्या सुट्टीत धावत गेलो, दोनदा मुनीम जेवायला गेलेले. आमच्या शेजारी शालिग्रामजी राहायचे. कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं.

"मास्टरजी, शिक्क्यासारखं काम तोंडी होत नसतं. मुनीम म्हणंल कल या, परसों या. बाकायदा अर्ज टाका. तीन नकला. एक त्यांना, एक शेठजींना, एक आपल्याजवळ."

आणि लगेच लिहायलाच घेतलं. अर्जदार हा गरीब व लेकुरवाळा इसम असून, अशी सुरुवात.

"शालिग्रामजी, मला मूलबाळ नाही."

"असू द्या हो. अर्जात लागतंच ते. न लिहिलं तर वरच्याला वाटतं, माणूस अकडबाज आहे."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पुस्तकावर नाव 'वामन मास्तर' आहे, अर्जावर 'वामन गोविंद' आहे, अर्जदारास लेकरं असल्याचं लिहिलं आहे पण चौकशीत लेकरं आढळत नाहीत, तरी पुस्तकवाला आणि अर्जवाला एकच इसम असल्याचा दाखला जोडावा. एकवीस वर्षं ज्या गावात मी रस्त्यानं चाललो की पोरं गल्लीत पळतात, त्या गावात मी मीच आहे हे मला सिद्ध करायचं होतं. हेडमास्तरांनी दाखला दिला, पण त्यात 'माझ्या समजुतीप्रमाणे' एवढे दोन शब्द घातले. ते मी अजून विसरलेलो नाही.

दाखला हातात पडला तो डॉक्टर यायच्या आठवड्यात, बुधवारी. गुरुवारी मुनीम खंडव्याला गेलेले, आणि शिक्का त्यांच्या खिशात.

"अहो," निर्मला म्हणाली, "दोन माणसांच्या जाण्यायेण्याला असं किती लागणार आहे? रोख द्या आणि अक्कांना घेऊन या. ती कुपनं मागाहून वापरता येतील."

"घरात वीस कुपनं पडलेली असताना रोख भाडं?" मी म्हटलं. "एकदा पैसे दिलेत ना मी? मग त्याच प्रवासाचे पुन्हा का?"

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली, "पण डोळा अक्कांचा आहे." आणि तिनं माझ्या कोटाच्या खिशात एक रुपया टाकला. मी तो काढून तिला परत देणार होतो. मग म्हटलं राहू दे, तेवढं तिचं समाधान.

शुक्रवारी सकाळी अड्ड्यावर गेलो. मोटारीवर कंडक्टर होता कडू. माझाच विद्यार्थी. दोन वर्षं एकाच इयत्तेत माझ्यापुढं बसला आणि दोन्ही वर्षं गणितात गेला. मी त्याला हेडमास्तरांचा दाखला दाखवला. त्यानं तो उलटा धरून आदरानं पाहिला.

"मास्तर, हे ठीक हाये. पण शिक्का नाही. अन् शिक्का असता तरी आज शुक्रवार. बाजाराच्या दिवशी कुपन बंद. ते पाहा." त्यानं तिसरी पाटी उचलली. मागं चौथी होती.

"ही कधी लागली?"

"तिसरीच्या आधी."

मोटारीत मिरच्यांची पोती होती, कोंबड्या होत्या, त्या सगळ्यांना जागा होती. रोख आठ आणे दिले असते तर मलाही होती. पण डॉक्टर तीन दिवस होते. पहिल्याच दिवशी हार कशाला मानायची, असं म्हणून मी घरी आलो. अक्का सडकेवर येऊन बसली असेल हे मनात आलं. नाही आलं असं नाही.

शनिवारी मी मुनिमांच्या घरी जाऊन त्यांना सकाळी साडेसातला दफ्तरात आणून बसवलं. हे काम सोपं नव्हतं, चहा पाजावा लागला. मोटारीची भट्टी बाहेर धुमसत होती. मुनिमांनी शिक्का काढला. गादी वाळलेली. तिच्यावर शाई ओतली, ती फार झाली. एक कुपन, एक शिक्का, एक सही, वहीत एक ओळ, मग फुंकर.

"किती मारू?" त्यांनी विचारलं.

इथं एखाद्या उतावळ्या माणसानं तीन म्हटलं असतं. एक माझं जाताना, दोन आमची येताना. पण उद्या पुन्हा मुनीम खंडव्याला गेले तर? मी म्हटलं, "वीसच्या वीस."

चौदाव्या कुपनाला बाहेर भोंगा वाजला. सोळाव्याला कडू दारात आला. "मास्तर, येता का? भट्टी पेटली." मी म्हटलं, "चारच राहिलेत." अर्धवट काम टाकून उठणं माझ्या स्वभावात नाही. विसाव्या कुपनावर फुंकर मारून बाहेर आलो तेव्हा मोटार गेली होती आणि रस्त्यात नुसता कोळशाचा धूर होता. मी ती वीस कुपनं दोन्ही हातांत पंख्यासारखी धरून वाळवत घरी आलो. निर्मलेनं मला तसं येताना पाहिलं. त्या दिवशी तिनं मला जेवताना ताकही वाढलं नाही.

रविवारी ती दारापर्यंत आली. "आज शेवटचा दिवस आहे. बारा वाजता डॉक्टर उठणार. ती बाई तीन दिवस तिथं रस्त्यावर बसून असेल. तुम्हाला माझी शपथ आहे, काहीही झालं तरी आज त्यांना घेऊनच या."

"आता काय व्हायचंय?" मी म्हटलं. "शिक्का आहे, बाजार नाही, आणि मी अड्ड्यावर अर्धा तास आधी पोचतोय."

आणि खरोखर सगळं सुरळीत झालं. मोटार वेळेवर सुटली. कडूनं माझं कुपन घेतलं, फाडलं, मला खिडकीशी जागा दिली. एका चढाला उतरून ढकललं, पण ते सगळ्यांनीच. वाटेतल्या निंबोल्याला मोटार थांबली, दोघं उतरले, आणि कडू माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, दोन आने."

"कशाचे?"

"चौथ्या टप्प्याचे. निंबोल्याला तीन टप्पे सरले. कुपनावर लिहेल हाये न, तीन टप्पे."

मी चष्मा लावून पाहिलं. शिक्क्यात खाली काहीतरी अक्षरं होती खरी. शाई इतकी पसरली होती, की तीन टप्पे होतं की शेठजींचं नाव होतं, कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"कडू," मी म्हटलं, "हे कुपन मी घेतलं तेव्हा ते असीरगडपर्यंत होतं. बरोबर? त्यानंतर मी बदललो नाही, असीरगड हललं नाही. मग हे कुपन निंबोल्याला कसं संपेल?"

"तुमचं सांगणं खरं हाये मास्तर. पण तवा सहा आने होते, सहा आन्यांत आता तीन टप्पेच येतात. मालिकाचा हुकूम हाये."

"तू ते उदाहरण मांडून दाखव मला."

"अरे मास्टर, दे दो ना दो आना!" मागून एक तंबाखूवाला ओरडला. "भट्टी ठंडी हो रही है."

"आमच्या बकरीनं बी दोन आने देले," एक म्हातारी म्हणाली, "ते तं काही बोलली नाही." सगळी मोटार हसली. मी मागं वळून पाहिलं. त्यातल्या तिघांची पोरं माझ्या वर्गात होती.

मी उभा राहून त्या सगळ्यांना करार म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. एकदा पैसे घेतल्यावर घेणाऱ्यानं भाव बदलायचा नसतो, हा साधा न्याय. कोणी ऐकत नव्हतं. इंजिन घरघरत होतं. मग कडू जवळ आला आणि हळू आवाजात बोलला. पण कंडक्टरचा हळू आवाज म्हणजे काय, तो मागच्या बाकापर्यंत गेला.

"मास्तर, जाऊ द्या. तुमच्यापाशी नसतील तं मी भरतो माह्या खिशातून. तुमी मले शिकवलं हाये."

सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत दया होती. ज्या पोराला मी दोनदा नापास केलं तो चार लोकांत माझे दोन आणे भरत होता. कान तापले माझे. खिशात निर्मलेचा रुपया होता. नुसता हात घालायचा होता. पण आता तो काढला असता तर लोक म्हणाले असते, पैसे होते आणि इतका वेळ देत नव्हता. मी छत्री उचलली आणि खाली उतरलो.

"मास्तर, असं नका करू. बसा वर."

"गाडी हाक," मी म्हटलं.

तिथून असीरगड पाच मैल. ताशी तीन मैलांनी एक तास चाळीस मिनिटं. मोटार तिथं पोचून भट्टी भरायला तासभर थांबते, तेव्हा झपझप चाललो तर तिला गाठू आणि अक्काला त्याच मोटारीत बसवू, असं मी उदाहरण मांडलं. उत्तर बरोबर होतं, फक्त त्यात चढ धरला नव्हता. पहिला मैल मी शेठजींना लिहायच्या अर्जाची कलमं जुळवत चाललो. चांगली जमत होती. दुसऱ्या मैलात राग निवला आणि मग मात्र मला भीती वाटायला लागली. मी पळायलाच लागलो. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस, कोट, छत्री, आणि सडकेवर पळतोय.

चढ अर्धा झाला होता तेव्हा समोरून मोटार परत येताना दिसली. मी झटकन बाजूच्या पळसाकडं तोंड करून उभा राहिलो, जसा काही मी पळस बघायलाच एवढा लांब आलो होतो. मोटार हळू झाली. कडूनं काहीतरी हाक मारली. मी वळलो नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकांचा बाक तेवढा पाहिला. त्यावर अक्का नव्हती. मोटार गेली.

अक्का गावाच्या तोंडाशी सडकेच्या कडेला एका दगडावर बसली होती. लग्नकार्याला नेसायचं लुगडं नेसली होती. मांडीवर गाठोडं. ऊन डोक्यावर आलं होतं. मी जवळ गेलो तरी तिला दिसलो नाही. धापांवरून तिनं ओळखलं.

"वामन?"

"हो."

तिनं माझे हात धरले, मग तोंडावरून हात फिरवला. घामानं तिची बोटं ओली झाली. "किती दमला रे. चालत आला? जागा नसंल भेटली मोटारीत. मले ठावं होतं, चालत येईल पण येईल."

मी खाली बसलो.

"डाक्टर किती वाजेलोग हाये?"

"बारापर्यंत."

"आता किती वाजले?"

"साडेअकरा, अक्का."

बैलगाडीनं बुऱ्हाणपूर चार तासांवर होतं. तिनं थोडा वेळ वर उन्हाकडं पाहिलं. "असू दे," ती म्हणाली, "पुढल्या साली जाऊ." पुढल्या सालाचं डॉक्टर काय म्हणाले होते ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, ती तिथंच बसलेली होती तेव्हा.

"अक्का, मोटार आली होती ना? तू त्यात का बसली नाहीस?"

"तो कंडक्टर म्हणे न. लई गुणी पोरगा. म्हणे, मावशी चला, पैसे नका देऊ, मी हात धरून डाक्टरपाशी नेऊन सोडतो. मी म्हटलं, नाही बाप्पा. माहा भाऊ मले घ्यायले येऊन राहिला. तो इथं येईल अन् मी दिसली नाही तं त्याचा जीव किती घाबरा होईल."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसायला लागली. खरंच हसली, लहानपणी मला गोष्ट सांगताना हसायची तशी.

"अन् त्याची मज्जा ऐक. तो मले विचारे, मावशी, तुमचा भाऊ मास्तर हाये का? एक मास्तर दोन आन्यापायी निंबोल्याले उतरून गेले म्हणे. गाडीतले सारे हसत होते. मी त्याले चांगलं झापलं. म्हटलं, तो दुसरा कोणी असंल. माहा वामन मले डोळ्याच्या डाक्टरकडं न्यायले येऊन राहिला, तो दोन आन्यापायी उतरंल का? मग गप बसला बिचारा." तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. "कोण असंल रे तो? तुमच्या शाळेतला का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"त्याले बहीण नसंल," अक्का म्हणाली.

"नसेल," मी म्हटलं.